उसण भरली म्हणून सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झहीर खानवरचा आपल्या अंकातला लेख आवडला. पण श्रीरामपूरचा पोरगा 92 कसोटींत 311 बळींपर्यंत पोचला, हे सांगताना मधली पडझड दोन ओळींत उरकली आहे. 2003 च्या अखेरीस ब्रिस्बेनला पाच बळी आणि लगेच मांडीचा स्नायू गेला. 2006 ला वूस्टरशायर या इंग्लंडमधल्या कौंटी संघाकडून हंगामभर टाकून 78 बळी घेतले, तेव्हा रनअप आखडलेला होता, उडीही कमी केलेली. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला नऊ, 2011 च्या विश्वचषकात 21. त्याच वर्षी लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीनं पुन्हा दगा दिला, ते वेगळं. शिकण्यासारखं आहे ते इथं, दुखापतीतून सावरण्यात.

आमच्या सांगली-साताऱ्याकडे वेगवान गोलंदाजी करणाऱ्या पोरांच्या पाठी दुखायला लागतात त्या बहुतेक दिवाळीच्या आगेमागे. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात, हाताला चेंडू नाही. दसरा झाला की टेनिस बॉलच्या स्पर्धा, लगोलग लेदर बॉलच्या निवड चाचण्या. शून्यावरून एकदम आठवड्याला दोनशे चेंडू! पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच ते सात पट भार येतो आणि नेमकी तेव्हाच कंबर मागं वाकून एका अंगाला कललेली असते. चार महिने आराम केलेल्या कोवळ्या हाडाला हे झेपत नाही.

दुखणं लगेच येत नाही, तीन-चार आठवड्यांनी येतं. तोवर स्पर्धा उरकलेली असते, म्हणून कुणाला संबंध लागत नाही. घरचे म्हणतात उसण भरली. मग शेक, बाम, पट्टा. उजव्या हातानं टाकणाऱ्याला कमरेत डावीकडेच दुखतंय, डाव्या पायावर उभं राहून मागं वाकलं की तिथंच कळ येतेय, तर मणक्याच्या मागच्या कमानीला चीर असल्याची शंका घ्यावी. साध्या एक्स-रेत ती पुष्कळदा दिसत नाही, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारावं. लवकर सापडली तर साधारण तीन ते सहा महिने गोलंदाजी बंद. अंगावर काढली तर किती, ते सांगता येत नाही.

म्हणून ऑगस्टपासूनच कोरड्या, मऊ जागी अर्ध्या रनअपनं आठवड्यातून तीनदा 20-24 चेंडू टाकावेत. फरशीवर नको. मग हळूहळू वाढवायचं, पण कुठल्याही आठवड्याचे चेंडू मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपटीपुढं जाऊ द्यायचे नाहीत. वहीत मांडायचे ते चेंडू, षटकं नव्हेत, आणि नेट्समधले धरून. इंग्लंडच्या बोर्डानं पंधरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांसाठी दिवसाला 12 षटकांची, म्हणजे 72 चेंडूंची मर्यादा घालून दिली, त्यातही एका स्पेलला, म्हणजे एका दमात, सहाच षटकं. आपल्याकडे नेट्सला आठ बॅट्समन दहा-दहा मिनिटं खेळून जातात आणि टाकायला तीच दोन पोरं. फी मात्र त्यांच्याकडूनही घेतात!

आता मॅट, म्हणजे सिमेंटच्या खेळपट्टीवर अंथरतात ती. बऱ्याच ठिकाणी ती स्टंपच्या रेषेपाशीच संपते. पळत आलेल्या पोराचा मागचा पाय पडतो त्या काठावर किंवा काठाबाहेरच्या खोलगट मातीत, आणि पुढचा खाली सिमेंट असलेल्या मॅटवर. दोन्ही पावलांची पातळीच वेगळी. त्यात काठाचे खिळे सैल होऊन मॅटला चुण्या पडल्या की घोटाही मुरगळतो. मॅट स्टंपमागं पाच-सहा फूट येईल एवढी ओढून ठोकावी. तेवढी लांब नसेल तर तिथं मुरूम टाकून, पाणी मारून मॅटच्या पातळीला धुम्मस करावा. मातीच्या विकेटवर पुढचा पाय पडून पडून खड्डा होतो, तो रोज सरावानंतर ओल्या मातीनं भरावा. सकाळी भरला तर माती सुकत नाही आणि पाय घसरतो.

आपला,
एक क्रिकेट प्रशिक्षक, सांगली