पाड्यांवरील सौरसंचांसाठी सोडियम बॅटरीची चाचणी व्हावी

मा. संपादक महोदय,

दुर्गम भागातील सौरऊर्जेची चर्चा बहुधा पॅनेलपाशीच थांबते. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी मात्र चार-पाच वर्षांतच निकामी होते आणि तिच्यासोबत घर पुन्हा अंधारात जाते. घरोघरी वीज पोहोचवण्यासाठी केंद्राने आणलेल्या २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत, जिथे विजेच्या तारा नेणे शक्य नव्हते अशा घरांसाठी २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, बॅटरी, ५ एलईडी दिवे, एक पंखा आणि ५ वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. सुरुवातीच्या संचांची ती मुदत आता संपली आहे. पुढे बॅटरी कोणी बदलायची?

सौरसंचांत सर्रास दिसणारी शिसे-आम्ल बॅटरी अर्धवट चार्ज राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण थर साचतात आणि क्षमता कायमची घटते. सातपुड्यातल्या किंवा भामरागडच्या पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन नसते, तेव्हा नेमके हेच घडते. तिच्यात वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, आणि तेवढ्यासाठी डोंगर चढून पाड्यावर येणार कोण?

म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने ‘आयसर’ या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले, ती बातमी मला फार मोलाची वाटली. ३००० ते ६००० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता टिकते, असा कंपनीचा दावा आहे. सोडियम मिठातूनही मिळते, लिथियमसारखी त्याची टंचाई नाही. शिवाय ही बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी सहसा बिघडत नाही. लिथियम बॅटरीच्या तुलनेत तिचे वजन जास्त भरते, हा दोष वाहनाला जाचक ठरेल, पण घराच्या कोपऱ्यात एकदा ठेवलेल्या बॅटरीला त्याने काय फरक पडतो?

केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये मोठ्या बॅटरी प्रकल्पांसाठी ३७६० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. ते आवश्यकच आहे, परंतु त्याचा रोख वीजजाळ्याकडे आहे. जाळ्याबाहेरच्या घरांचा विचार राज्याने करायला हवा. महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने धडगाव, अक्कलकुवा आणि भामरागड तालुक्यांतील काही पाड्यांवर सोडियम बॅटरीचे संच बसवून किमान दोन पावसाळे त्यांच्या नोंदी ठेवाव्यात, त्या जाहीर कराव्यात आणि देखभालीसाठी पाड्यावरच्याच तरुणांना प्रशिक्षण व मानधन द्यावे. निकामी शिसे-आम्ल बॅटऱ्या परत नेण्याची जबाबदारीही निविदेतच पुरवठादारावर टाकावी.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)