‘आम्ही’चा ‘मी’

पुणे, ६ डिसेंबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

चार महिने तुला माझ्याकडून एक अक्षर आले नाही, याची मला लाज वाटते. माझी प्रकृती ठीक आहे. फोन मुद्दामच केला नाही, कारण फोनवर तू “जाऊ दे रे” म्हणून विषय संपवशील आणि हा विषय मला तसा संपवायचा नाही.

अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या पीएचडीसाठी अर्ज करतो आहे. आपण वसतिगृहाच्या गच्चीवर ठरवले होते तसेच, बी.टेक.नंतर थेट, कारण तिथे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात फी माफ होते आणि महिन्याचा खर्चही निघतो. एमएसला गेलो असतो तर अण्णांना घर गहाण ठेवावे लागले असते. दोन अर्ज गेले आहेत, उरलेल्या तीन अर्जांची मुदत १५ तारखेला संपते. एका अर्जाचे शुल्क ७५ ते १०० डॉलर, म्हणजे सात ते नऊ हजार रुपये, आणि ते सगळे माईने तिच्या पगारातून भरले.

आता मूळ गोष्ट सांगतो. एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, आपला मोडी हस्ताक्षर संगणकाकडून वाचून घेण्याचा प्रकल्प लिहिला. पहिल्या मसुद्यात सगळीकडे ‘आम्ही’ होते. अर्ज तपासून देणाऱ्या सल्लागाराने सांगितले की ‘आम्ही’ चालणार नाही, समितीला उमेदवाराने स्वतः काय केले ते कळले पाहिजे. सल्ला चुकीचा नव्हता. पण प्रत्येक ठिकाणी तू काय केलेस आणि मी काय केले हे वेगळे लिहिण्याऐवजी मी अकरा ठिकाणी ‘आम्ही’ खोडून ‘मी’ केले आणि त्या रात्री अर्ज पाठवून दिला. आपल्या प्रोग्रॅमने पहिल्यांदा ‘ध’च्या जागी ‘म’ वाचला, तेव्हा तू हसत हसत फोल्डरचे नाव ‘आनंदीबाई’ ठेवले होतेस. ते फोल्डर अजून माझ्या लॅपटॉपवर तसेच आहे आणि हल्ली ते उघडताना हात थांबतो.

त्या अकरांपैकी दहा जागा मी पोटात घालू शकतो. अकरावी नाही. शिरोरेघ पुसून एकेक अक्षर सुटे करण्यात मी चार महिने घालवले. मोडीत हात न उचलता लिहीत जातात, शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत, त्यामुळे माझे तुकडे कधी नीट पडलेच नाहीत. तू आजोबांना रुमालातले, म्हणजे कापडात बांधून ठेवलेले, जुने मोडी कागद वाचताना पाहून आलास आणि म्हणालास, “ते अक्षर वाचत नाहीत, ओळ वाचतात. तोडू नकोस.” त्यावरून आपण भांडलो, नऊ दिवस बोललो नाही, आणि दहाव्या दिवशी मी तुझ्याच पद्धतीने अख्खी ओळ प्रोग्रॅमला दिली. नऊ दिवसांत मी तुला जे बोललो, त्याची माफीही मी कधी मागितली नाही. एसओपीत मात्र लिहिले आहे की अक्षरे न तोडता ओळ वाचण्याची कल्पना मला सुचली.

गेलेल्या दोन अर्जांतला एक मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टचा आहे. तिथे जॉर्ज वॉशिंग्टनच्या हस्तलिखित कागदपत्रांवर काम झाले होते, त्यात अक्षरे सुटी न करता अख्खा शब्दच चित्र म्हणून जुळवून शोधला होता. आजोबांची वाचायची रीत आणि तिथली पद्धत किती जवळची आहे, हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा तुझीच आठवण आली होती. उद्या तिथल्या एखाद्या प्राध्यापकाने मुलाखतीत “हे तुला कसे सुचले?” असे विचारले, तर मी काय सांगू?

नव्या मसुद्यात मी तो परिच्छेद बदलला आहे, आणि आधीच्या दोन्ही विभागांना सुधारित एसओपी पाठवण्याची ई-मेलही लिहून ठेवली आहे. ती पाठवता येत नाही, कारण आपल्या एका सरांनी शिफारसपत्र मलाच लिहून आणायला सांगितले होते आणि त्यातही मी ‘मूळ कल्पना याचीच’ असे लिहिले. सरांनी ते वाचून, सही करून पाचही ठिकाणी अपलोड केले आहे. आता मी खरे लिहिले तर सर खोटे ठरतात, आणि खोटे तर माझे आहे. सरांकडे जाऊन सगळे सांगणे हा एकच मार्ग दिसतो. पण त्यांनी पत्र मागे घेतले तर तिसरी शिफारस आठ दिवसांत कुठून आणायची, हा विचार मला झोपू देत नाही.

तू घरी राहिलास म्हणून हा अर्ज मी एकटा करतो आहे, आणि नेमके त्याच अर्जातून तुला वगळले आहे. हे मी दुसऱ्या कुणालाही समजावून सांगू शकत नाही. माईला वाटते की सगळेच असे लिहितात.

अवकाळीने द्राक्षबागेचे किती नुकसान झाले? मणी तडकले का? बाबांचा हात आता कितपत उचलला जातो, आणि सुमीचे ठरले का, तेही कळव.

बदललेला परिच्छेद सोबतच्या कागदावर उतरवला आहे. त्यात तुझे नाव आहे, आणि आजोबांविषयीचे वाक्य तुझ्या शब्दांत आहे. त्यात काही कमी-जास्त असेल तर लाल शाईने दुरुस्त कर आणि फोटो पाठव. मंगळवारी दुपारी मी सरांना भेटायची वेळ घेतली आहे. त्याआधी तुझे उत्तर आले तर तो कागद घेऊनच जाईन. नाही आले तरी जाईन.

आजोबांना साष्टांग नमस्कार.

तुझा,
मकरंद