मोल्टकेच्या हातात तलवार नव्हती, टाइमटेबल होतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जर्मनीच्या एकीकरणावरचा लेख वाचला, चांगला आहे, पण प्रशिया या जर्मन राज्याच्या हेल्मुट फॉन मोल्टकेला "शूर सेनापती" एवढ्या दोन शब्दांत उरकलंय ते काही पटलं नाही. अहो हा माणूस आयुष्यभर स्टाफ ऑफिसर, म्हणजे टेबलावर बसून मोहिमेचा आराखडा करणारा! एखाद्या रेजिमेंटची कमांडसुद्धा त्याच्याकडे कधी नव्हती.

मी भुसावळला रेल्वे कंट्रोलमध्ये तीस वर्षं काढली. समोर चार्ट, आडवे तास, उभी स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी पेन्सिलची रेघ, एक मालगाडी लूपमध्ये (बाजूच्या रुळावर) वेळेत गेली नाही की मागच्या सगळ्या रेघा बिघडल्या. म्हणून प्रशिया-ऑस्ट्रियाचं १८६६ चं युद्ध वाचताना मला तो माणूस आपल्यातला वाटतो. प्रशियाने पाच रेल्वेमार्गांनी फौज सीमेवर उतरवली, ऑस्ट्रियाची त्या बाजूला एकच लाइन. फौजा एकमेकींपासून लांब उतरल्या म्हणून त्याच्यावर टीका झाली, पण त्याचा हिशोब पक्का होता, चालायचं वेगवेगळं आणि गाठ पडायची ती लढाईच्या मैदानातच. ३ जुलैला कोनिगग्रेट्झच्या लढाईत सकाळपासून प्रशियाची माणसं पडतायत, पुढे सरकता येत नाही, राजा चिंतेत, आणि दुपारी प्रशियाच्या युवराजाची फौज ऑस्ट्रियाच्या फौजेच्या बगलेवर येऊन आदळली. त्याच दिवशी प्रशियाच्याच एका जनरलला मोल्टकेचा हुकूम मिळाला तर तो म्हणे म्हणाला, सगळं ठीक आहे, पण हा जनरल मोल्टके कोण? १८५७ पासून चीफ ऑफ जनरल स्टाफ, म्हणजे सगळ्या स्टाफ ऑफिसरांचा प्रमुख होता हो तो! वय ६५, आणि आपल्याच सैन्यात नाव माहीत नाही.

तरुणपणी घोड्याला पैसे नव्हते म्हणून गिबन या इंग्रज इतिहासकाराच्या रोमच्या इतिहासाचं जर्मन भाषांतर अंगावर घेतलं, दीड वर्षात बारापैकी नऊ खंड केले, प्रकाशकाने पुस्तक काढलंच नाही आणि ठरलेल्या पैशातला एक तृतीयांशच हातात पडला. पुढे तुर्कांकडे सल्लागार होता, १८३९ ला नेझिबच्या लढाईआधी माघार घ्या म्हणून तुर्की सेनापती हाफिझ पाशाला परोपरीने सांगितलं, पाशाने ऐकलं नाही आणि सगळी फौज उधळली गेली. सल्ला आपण द्यायचा आणि सही दुसऱ्याची, हे दुखणं कंट्रोलमध्ये बसलेल्याला लगेच कळतं.

१८७१ ला फ्रान्सकडून अल्सास-लॉरेन हा प्रांत घ्यायचाच हा त्याचा आग्रह मला मान्य नाही, ते चूकच होतं आणि तेही लिहायला हवं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या लेखात १८५७ ते १८६६ ही टेबलावरची नऊ वर्षं सविस्तर येऊ द्या, आणि सोबत पदकं लावलेला फोटो नको, त्या पाच रेल्वेमार्गांचा नकाशा छापा.

आपला नेहमीचा वाचक,
भुसावळ