मुक्ताच्या पीएच.डी.बद्दल

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

"म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला पीएच.डी. कशाला लागते?" हा तुझा प्रश्न वाचून हसलो. पण मुक्ता खरोखरच पुनर्वसन आणि वृद्ध-समुपदेशनाची प्राध्यापक व्हायचं म्हणत असेल, तर थट्टेवर भागणार नाही.

इकडे अमेरिकेत हा विषय जन्मला तोच माणसाला कामावर परत धाडण्यासाठी. १९२० च्या कायद्याने अपंग नागरिकांच्या व्यवसाय-प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळू लागला. १९५४ नंतर विद्यापीठांना अनुदानं आली आणि समुपदेशक तयार करणारे अभ्यासक्रम उभे राहिले. त्यामुळे यशाचं माप एकच होतं, नोकरी लागली का? सरकारी खात्यात 'स्टेटस २६' म्हटलं की माणूस कामाला लागला, केस यशस्वीपणे बंद.

आता अर्धांगवायू झालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कुठल्या कामावर धाडणार? तिला स्वतःच्या हाताने आंघोळ करायची असते. मुलीने आपल्या देखत डॉक्टरशी परस्पर बोलू नये, एवढंच तिला हवं असतं. ते झालं तर यश म्हणायचं की नाही? सुधीर, माझी सगळी नोकरी या एका प्रश्नाभोवती गेली. कायद्याने त्याची दखल घेतली, पण उशिरा. १९७८ मध्ये 'स्वतंत्र जगणं' हेही पुनर्वसनाचं उद्दिष्ट मानलं गेलं. आज पंचावन्न वर्षांवरच्या दृष्टिहीनांसाठी वेगळी योजना आहे. काठी घेऊन चालणं, शेगडीच्या बटणांना हाताला लागतील अशा खुणा करून स्वयंपाक करणं असलं त्यात शिकवतात, आणि नोकरीची अट नाही.

आता वर्गात काय शिकवतो ते सांगतो, कारण 'गप्पा' तू त्यालाच म्हणालास. म्हाताऱ्या माणसाची झोप उडाली, भूक गेली, तर ते नैराश्य की नुसतं वय? म्हणूनच वृद्धांच्या नैराश्याची जी तीस प्रश्नांची चाचणी वापरतात, तिच्यात झोप आणि भूक मुद्दाम विचारलेली नाही. प्रश्न मनाचे आहेत आणि उत्तरं फक्त हो किंवा नाही. विद्यार्थ्यांना हे कळायला एक तास पुरतो. कान तयार व्हायला मात्र वर्षं लागतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला आधी शंभर आणि मग सहाशे तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि त्या वेळच्या संभाषणांची रेकॉर्डिंग्ज ऐकणं ही माझी खरी नोकरी. पंचविशीतली मुलं आजोबांशी उगाच मोठ्याने बोलतात, लाडाने बोलतात, आणि ते थांबले की लगेच वाक्य पुरं करून टाकतात. मी टेप थांबवून विचारतो, "ते काय म्हणणार होते?" कुणालाच सांगता येत नाही. वयावरून माणसाला कमी लेखण्याला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये 'एजिझम' हे नाव दिलं. ते नाव परीक्षेत सगळ्यांना येतं. टेपमध्ये ऐकू येतं ते निराळंच.

बाकी प्राध्यापकी सगळीकडची तीच. बैठका, मान्यतेचे जाडजूड अहवाल, अनुदानाचे अर्ज. त्यावर शाई घालवत नाही.

काळजीची गोष्ट मात्र लपवणार नाही. समुपदेशनात वृद्धांसाठीचं खास शिक्षण इथे कधी नीट रुजलंच नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९२ मध्ये त्याचे वेगळे निकष आणले आणि २००९ मध्ये काढून टाकले, कारण तसे अभ्यासक्रम चालवणारी विद्यापीठंच मोजकी. विद्यार्थी तरी कशाला येतील? म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, समुपदेशकांना पैसेच देत नव्हता. तो द्यायला लागला जानेवारी २०२४ पासून. माझे कितीतरी हुशार विद्यार्थी याच एका कारणाने शाळांतल्या समुपदेशनाकडे वळले, आणि मी त्यांना दोष देत नाही. आता हवा बदलेल असं मला वाटतं, पण मी या बाबतीत नेहमीच जरा जास्त आशावादी असतो, हे तुला ठाऊक आहे.

म्हणून मुक्ताला माझा सल्ला असा. पीएच.डी.ला लगेच उडी नको. आधी दोन-तीन वर्षं पुनर्वसन केंद्रात काम करू दे. ज्याने स्वतः पेशंटसमोर बसून घाम गाळला नाही, तो टेप ऐकून काय सांगणार? शिवाय पुनर्वसनाची सरकारी शिष्यवृत्ती घेतली, तर घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षं त्याच क्षेत्रात नोकरी करावी लागते, नाहीतर पैसे परत. सही करण्याआधी तिने ते कलम नीट वाचावं. आणि संशोधनासाठी 'वृद्धत्व' असला अघळपघळ विषय घेऊ नये. उतारवयात दृष्टी जाणं, किंवा अपंगत्वासह म्हातारे होणारे लोक, असं काही नेमकं धरावं. हा दुसरा गट वाढतो आहे, आणि त्यांच्याबद्दल अपंगत्ववाल्यांना वाटतं वृद्धवाले बघतील, वृद्धवाल्यांना वाटतं ते बघतील.

शनिवारी तिला मला फोन करायला सांग, तुझ्या सकाळी म्हणजे माझी रात्र, चालेल. तू मात्र त्या वेळी शेजारी बसून मधे मधे बोलू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय