सोलापुरी चादर पुन्हा पांघरता आली त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

सोलापुरातल्या चादरीच्या कारखान्यात मी ३४ वर्षे हिशेब लिहिला, आणि मधुमेहाने माझ्यावरच अशी पाळी आणली की रात्री पायांवर पातळ चादरीचा स्पर्शही सोसेना. तळव्यांत निखारे पेटल्यासारखी आग व्हायची, आणि चप्पल पायातून निसटली तर मात्र पत्ता लागत नसे. आधीच्या तीन वर्षांत ज्यांना दाखवले, त्यांनी साखरेचे आकडे पाहिले, प्रीगाबालिन या नसांच्या वेदनेवरील औषधाची मात्रा वाढवली आणि ‘वयोमानाने होतेच’ म्हणून बोळवण केली. मोजे काढा, असे एकानेही म्हटले नाही.

आपण मोजे काढायला लावलेत. घोट्याच्या वर आणि गुडघ्याखाली अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून त्यांना चिमट्यांनी तारा जोडल्यात, आणि सेकंदाला दोन ठोक्यांच्या या सौम्य विद्युतप्रवाहाने शरीर स्वतःचीच वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन वगैरे, सोडते असे समजावलेत. त्याच वेळी हेही सांगितलेत, की यावरचे अभ्यास अजून लहान आहेत, गुण येईलच असे नाही, आणि साखरेचे पथ्य व गोळ्या सोडायच्या नाहीत. (डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या डॉ. बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली. कोटणीसांच्याच गावात ती मला इतक्या उशिरा भेटावी, याचे हसू येते.)

पण हे पत्र लिहायला बसलो तो एका टोपलीमुळे. पहिल्या दिवशी सुया काढल्यावर मदतनीस मुलीने माझ्या पायांवर चादर टाकली, तेव्हा मी ओठ आवळले ते आपण दारातून पाहिलेत. पुढच्या खेपेला खाटेवर प्लॅस्टिकची एक उपडी टोपली होती. पाय टोपलीखाली आणि चादर टोपलीवर. त्याविषयी आपण एक शब्दही बोलला नाहीत, आणि निघताना ती माझ्या हातात दिलीत. विद्या पुष्कळांजवळ असते, पण समोरच्याच्या कपाळावरची आठी वाचायला जी सवड लागते, ती फार थोडे लोक काढतात.

बधिरपणा आहे तसाच आहे. आग मात्र निम्म्याहून कमी झाली असून आता सलग पाच तास झोप लागते. गेल्या मंगळवारी गारठा पडला, तेव्हा निवृत्तीच्या दिवशी मिळालेली जाड चादर टोपलीशिवाय पांघरली. पहाटे सौभाग्यवतींनी काळजीने पाहिले, तर चादर पायांवरच होती.

टोपली परत करण्याचा विचार मात्र तूर्त नाही.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त हिशेबनीस