प्रीअँपची तुलना पातळी जुळवूनच व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ध्वनिमुद्रणावरच्या आपल्या रविवारच्या लेखात, आवाजात ऊब हवी असेल तर जुना मूळ प्रीअँपच (माईकचा सिग्नल वाढवणारे यंत्र) हवा, नव्या क्लोनमध्ये, म्हणजे त्याच सर्किटच्या नकलेत, ती येत नाही, असा सूर होता. सोलापूरच्या पूर्व भागात माझा छोटा स्टुडिओ आहे. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आधी मराठी, कन्नड, तेलुगू भक्तिगीतांची रेकॉर्डिंग असतात, एरवी भजनी मंडळे येतात. शिकाऊ मुले असे लेख वाचून कर्ज काढतात, म्हणून हे पत्र.

माईकमधून येणारा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, प्रीअँप तो हजारपट किंवा त्याहूनही जास्त वाढवतो. ज्याचे सर्वाधिक क्लोन निघाले तो १०७३ नावाचा प्रीअँप इंग्लंडच्या रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने १९७० मध्ये बनवला. क्लास-ए ट्रान्झिस्टर सर्किट, आत येताना एक ट्रान्सफॉर्मर, बाहेर पडताना एक. लोक ज्याला ऊब म्हणतात तिचा मोठा वाटा या ट्रान्सफॉर्मरमधल्या लोखंडाचा. सिग्नल जोरात दिला की ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होऊ लागतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपत येते आणि आवाजाचा आकार किंचित बदलतो, आणि तेही खालच्या सुरांत आधी.

मुंबईच्या एका मित्राने मूळ १०७३ काही दिवसांसाठी आणला होता, क्लोन माझ्याकडे होताच. आम्ही एकच माईक स्प्लिटरने (सिग्नल दोन वाटांत विभागणाऱ्या पेटीने) दोन्हींत सोडला, म्हणजे गाणाऱ्याचा टेक तोच राहिला. मग एक किलोहर्ट्झचा टोन देऊन दोन्हींची पातळी मीटरवर काटेकोर जुळवली. या शेवटच्या कामाला पर्याय नाही, कारण अर्धा-एक डेसिबल जास्त वाजणारे यंत्र कानाला हमखास ‘भरदार’ वाटते. या प्रीअँपचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण, पाच-पाच डेसिबलच्या टप्प्यांनी सरकतो, त्यामुळे नुसती बटणे सारखी ठेवून पातळी जुळत नाही. दुकानांतल्या डेमोत हे जुळवलेले मी अजून पाहिलेले नाही.

फाईलींची नावे झाकून ऐकल्यावर गाणाऱ्या बाईंच्या अभंगात आम्हा दोघांनाही मूळ कोणता ते सांगता आले नाही. पखवाजावर मात्र फरक कळला. गेन चढवून आउटपुट खाली घेतला, तेव्हा कणीक लावलेल्या डाव्या बाजूची थाप मूळ यंत्रात गोल आणि दाट आली. क्लोनमध्ये तीच थाप किंचित सैल होती, शेपूट लांबल्यासारखी. हलगीवरही जोर दिला की थोडा फरक होता. हा फरक खरा आहे आणि मला तो आवडला, हे मोकळेपणाने सांगतो. पण तो जोर दिल्यावरच येतो, आणि माईक पुडीपासून चार बोटे सरकवला तर त्याहून मोठा फरक पडतो.

शिवाय मूळ म्हणजे नेमका कोणता? पन्नास वर्षांत सर्किटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले विद्युतभाग) सुकतात. एकाच कन्सोलमधली (स्टुडिओच्या मिक्सिंग टेबलातली) दोन मॉड्यूल, म्हणजे दोन सुटे प्रीअँप, आज सारखी वाजतीलच असे नाही, आणि दुरुस्तीत कोणी काय बदलले यावरही बरेच अवलंबून असते. लाखो रुपये मोजून घेतलेले यंत्र न तपासलेले असेल, तर चांगला क्लोन त्याच्यापेक्षा सरस ठरू शकतो.

आमच्या भागात यंत्रमागांची घरघर भिंतींतून येते. ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावून ती कमी होते, जात नाही. ज्या मुलाच्या खोलीचे दार नीट बसत नाही, छत पत्र्याचे आहे, त्याने आधी दार आणि छत करावे, प्रीअँप नंतर. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा तुलना कशी केली, पातळी जुळवली होती का, टेक एकच होता का, हे जरूर छापावे. आमच्या चाचणीच्या फाईली नावे झाकून ठेवल्या आहेत, ज्या विद्यार्थ्याला ऐकायच्या असतील त्याने स्टुडिओत यावे. सोलापुरात कोणाकडे मूळ मॉड्यूल असेल, तर त्यांनी ते घेऊन यावे, पखवाज आणि वादक यांची सोय मी करतो.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, साखर पेठ, सोलापूर