तळणीचे तेल कढईतून पुढे जाते कुठे?

प्रति,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

एसटी स्टँडबाहेरच्या गाडीवर वडे तळले जात असताना कढईत डोकावून पाहा. तेल काळपट, दाटसर. घाणा सोडला की वर आलेला फेस लवकर बसत नाही. कडेला चिकट राप धरलेला. कित्येकदा हे तेल मोठ्या हॉटेलात किंवा फरसाणच्या कारखान्यात आधीच तळून निघालेले असते. ते स्वस्त पडते म्हणून गाडीवाला घेतो.

सूर्यफूल आणि सोयाबीन तेलात लिनोलिक आम्ल (हवेशी लवकर संयोग पावणारे एक स्निग्ध आम्ल) भरपूर असते. ते हवेत पुन्हापुन्हा तापले की त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून ४-हायड्रॉक्सीनोनेनालसारखी अल्डिहाइडे, म्हणजे घातक संयुगे, तयार होतात आणि ती पेशींतल्या प्रथिनांना, डीएनएला चिकटतात. शरीरातही, धमनीच्या भिंतीत शिरलेल्या एलडीएलचे (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचे) ऑक्सिडीकरण झाले की भक्षक पेशी ते गिळत सुटतात, चरबीने फुगतात आणि तिथेच साचतात. धमनी अरुंद व्हायला इथून सुरुवात होते. यात खाण्यातल्या खराब तेलाचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून एकमत नाही. पण तोवर थांबणे परवडणारे नाही, कारण मागाहून गोळी घेऊन हे निस्तरता येत नाही. 'होप' या वैद्यकीय चाचणीत साडेनऊ हजार जणांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे ऑक्सिडीकरण रोखणारे ई जीवनसत्त्व दिले. २००० साली निकाल आला, हृदयविकाराचे झटके कमी झाले नव्हते.

नियम आपल्याकडे आहे. एकूण ध्रुवीय संयुगे (तेल तापून बिघडले की त्यात वाढत जाणारे घटक) २५ टक्क्यांवर गेलेले तेल १ जुलै २०१८ पासून वापरता येत नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी नोंद ठेवायची आणि उरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यायचे, म्हणजे त्याचे बायोडिझेल होते.

माझी मागणी या नोंदींबद्दल आहे. तेलाची खरेदी किती आणि संकलकाकडे गेले किती, हे आकडे जुळवून पाहण्याचे आदेश द्या. तळणात काही तेल मुरते हे मान्य. पण संकलकाकडे थेंबही जात नसेल, तर ते कुणाला विकले याचा जाब मालकाला विचारा. गाडीवाल्याला दंड करून ही साखळी तुटणार नाही. उलट ५० लिटरच्या आत वापरणाऱ्यांचे तेलही वाजवी भावाने विकत घेणारी केंद्रे प्रत्येक नगरपालिकेत उघडा. अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना ध्रुवीय संयुगे जागेवरच मोजणारे यंत्र द्या, आणि हॉटेलनिहाय निकाल दर महिन्याला जाहीर करा.

आपला,
एक नागरिक